चेहरा नाण्यावरून, धनुष्य शिलालेखातून

या महिन्याच्या ‘छंद आणि कारागिरी’ सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत. बाजारात मिळणारी, सांधे हलणारी अ‍ॅक्शन फिगर घ्यायची आणि तिच्यावर आपल्या हाताने काम करून तिच्यातून इतिहासातला एखादा जेता उभा करायचा, असा हा छंद आहे. पत्रलेखक बहुतेक नाशिकचे असल्यामुळे उत्तरांमध्ये नाशिकच्या आसपासचे पुरावे अधिक आले आहेत. ते पुरावे इतके मोलाचे आहेत की दुसऱ्या गावच्या वाचकांनीही एकदा येऊन ते पाहावेत.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला एक ‘जगज्जेता’ बनवायचा आहे. सिकंदराचे शिरस्त्राण, चंगीझ खानाचे चिलखत आणि तैमूरची तलवार हे सगळे त्याला एकाच फिगरवर हवे आहे. मला हे मिश्रण खटकते, पण त्याचा उत्साहही मोडवत नाही. त्याला काय सांगावे?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, उत्साह मुळीच मोडू नका. काल्पनिक योद्धा घडवण्यात गैर काहीच नाही. त्याच्यावरची प्रत्येक वस्तू कुठून आली, हे मुलाला सांगता यावे एवढीच अट त्याला घाला. या अटीमुळे तो आपणहून शोध घेऊ लागेल आणि मग मिश्रणाचे स्वरूपही आपोआप बदलेल.

सिकंदरापासूनच सुरुवात करा. त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे पॉम्पेईच्या एका घरात १८३१ मध्ये सापडलेले आणि आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेले मोझेक. त्यात तो घोड्यावर बसून इराणचा सम्राट दरायस याच्यावर चालून जाताना दिसतो. डोक्यावर शिरस्त्राण नाही, केस उडालेले आहेत आणि छातीच्या चिलखतावर मेदुसा या ग्रीक पुराणातल्या राक्षसीचे मुख आहे. त्याच्या मृत्यूनंतर त्याचाच सेनानी लायसिमॅकस याने पाडलेल्या नाण्यांवर सिकंदराच्या कानावरून वळलेले मेंढ्याचे शिंग दिसते, कारण तो स्वतःला मेंढ्याची शिंगे असलेल्या अमोन या देवाचा पुत्र मानत असे. हे शिंग मुलाला शिरस्त्राणापेक्षा नक्की अधिक आवडेल, आणि नवशिक्याला ते करायलाही सोपे आहे. एम-सीलची बारीक वळकटी करावी, ती एका टोकाला निमुळती करून कानाभोवती वळवावी आणि ओली असतानाच टाचणीने तिच्यावर आडव्या रेषा ओढाव्यात.

चंगीझ खानाच्या बाबतीत मुलाला थोडा धक्का बसेल. तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयातले त्याचे चित्र त्याच्या मृत्यूनंतर चीनमधल्या मंगोलांच्या युआन राजवटीत काढलेले आहे आणि त्यात चिलखताचा मागमूसही नाही. फिकट रंगाचा साधा झगा, डोक्यावर टोपी आणि विरळ दाढी असलेला एक वयस्क माणूस आपल्याकडे शांतपणे पाहतो आहे, एवढेच त्या चित्रात आहे. चिलखत हवे असेल तर ते मंगोल सैनिकांचे घ्यावे लागेल. कातड्याच्या किंवा लोखंडाच्या लहान लहान पट्ट्या वादीने एकमेकींना बांधून ते बनवलेले असे. फिगरसाठी जाड कार्डशीटच्या पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या कापून त्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवत चिकटवल्या, तर हा परिणाम उत्तम साधतो. काम वेळखाऊ आहे, पण सुट्टीत मुलांना ते आवडते.

आता मिश्रणाचा खरा प्रश्न. हा जगज्जेता घोड्यावर बसणार असेल तर त्याचे पाय कसे ठेवायचे, हे मुलाला विचारा. सिकंदराच्या घोडदळाला रिकीब, म्हणजे पाय ठेवायला खोगिराला टांगलेली कडी, ठाऊक नव्हती. त्याचे स्वार मांड्यांच्या पकडीवर बसत आणि त्यांचे पाय खाली लोंबत. मंगोल धनुर्धर रिकिबीत उभा राहून, घोडा दौडत असतानाच बाण सोडत असे. एकाच फिगरच्या पायांना या दोन्ही तऱ्हांनी ठेवता येत नाही, आणि पायांची तऱ्हा ठरली की शस्त्र, खोगीर, कंबर किती वळवायची आणि खांदे किती मोकळे ठेवायचे हे सगळे तिच्यामागोमाग ठरत जाते. मुलगा या प्रश्नाशी झगडू लागला की तो खेळणे सजवणे सोडून इतिहासाचा विचार करू लागला, असे खुशाल समजा.

तैमूर निवडलाच तर त्याने १३९८ मध्ये दिल्लीत केलेली कत्तलही मुलाला सांगितली पाहिजे. जेता म्हटला की जिंकलेली, लुटलेली शहरे आलीच. तेरा वर्षांचे मूल हे समजू शकते, आणि ते न सांगता हातात फक्त तलवार देणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. १:१२ प्रमाणातली, म्हणजे सुमारे १५ सेंटीमीटर उंचीची फिगर घेऊन मला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी घडवायचा आहे. चित्रांमध्ये तो सोन्याच्या चिलखतात, मोठ्या मुकुटात आणि पिळदार देहाचा दाखवतात. हे कितपत धरून चालावे?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. नाशिककरांनी नेपोलियन आणि सीझर जरूर घडवावेत, पण आपल्या दारातल्या जेत्याकडे वळणारे हात फार थोडे आहेत.

गौतमीपुत्राविषयीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आपल्या पांडवलेण्यांतच आहे. लेणे क्रमांक ३ मध्ये त्याची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी, ते लेणे भिक्षुसंघाला दान देताना तो कोरला गेला. क्षहरात वंश निर्मूळ करणारा, शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा, ही त्यातली विशेषणे शाळेपासून आपल्या कानावर असतात. मूर्तिकाराने मात्र त्यातल्या देहाच्या वर्णनापाशी अधिक वेळ थांबावे. सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखे मुख, पूर्ण चंद्रासारखे प्रिय दर्शन, उत्तम हत्तीसारखी डौलदार चाल, नागराजाच्या देहासारखे भरीव, गोल, लांब बाहू आणि अभयदानाच्या उदकाने भिजलेला हात, असे ते वर्णन आहे. हे काव्य आहे आणि संकेताने बांधलेले आहे हे खरे, परंतु त्या काळाला राजाचा देह कसा दिसावासा वाटत होता ते त्यातून स्वच्छ कळते.

त्या वर्णनाचा पहिला परिणाम तुमच्या फिगरच्या पोटावर झाला पाहिजे. बाजारातल्या बहुतेक फिगरच्या पोटावर स्नायूंचे कप्पे खोल कोरलेले असतात आणि दंडावर फुगलेले पीळ असतात. शिलालेखातले बाहू भरीव आणि गोल आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दंपतिशिल्पे पाहिली तर तिथेही देह भरलेला, गुळगुळीत आणि आतून श्वास घेतल्यासारखा दिसतो, स्नायूंच्या चिरा दिसत नाहीत. म्हणून त्या खाचा एम-सीलने भरून घ्या, पाण्याने ओल्या केलेल्या बोटाने सपाट करा, एक रात्र सुकू द्या आणि मग आधी ४०० आणि नंतर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. या एका कामाने फिगरचा देश आणि काळ बदलतो. चिलखत किंवा मुकुट न घालता हे साधते, म्हणून सर्वांत आधी हेच करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वेशासाठी कार्ले, भाजे आणि सांचीची शिल्पे पाहा. कर्नाटकातल्या कनगनहळ्ळीच्या स्तूपाची छायाचित्रेही मिळवा, कारण तिथल्या शिल्पपटांवर सातवाहन राजांची नावे कोरलेली आहेत. या शिल्पांत कमरेला धोतरासारखे नेसलेले अंतरीय, त्यावर गाठ मारून सोंगे सोडलेला कमरपट्टा, खांद्यावरून घेतलेले उत्तरीय, मोठ्या गाठीचे पागोटे, कानांत जड कुंडले आणि दंडावर बाजूबंद असा थाट दिसतो, आणि छाती उघडी असते. सोन्याच्या पत्र्याच्या चिलखताला या शिल्पांत आधार नाही. तुम्ही ते घालू नये असे मला वाटते, कारण उघड्या छातीचा, पागोटे बांधलेला राजा पाहणाऱ्याला थांबवतो आणि चिलखतवाला राजा इतर दहा फिगरमध्ये हरवून जातो.

शस्त्रही शिलालेखच देतो. बलश्रीने आपल्या मुलाला अद्वितीय धनुर्धर म्हटले आहे, तेव्हा हातात धनुष्यच द्यावे. सिकंदराच्या स्वारीच्या वृत्तान्तांवर आधारलेल्या एरियनच्या ग्रंथात हिंदी पायदळाचे धनुष्य धारण करणाऱ्याच्या उंचीएवढे असते असे म्हटले आहे. तो काळ गौतमीपुत्राच्या कितीतरी आधीचा आहे, पण लांबीचा अंदाज म्हणून तो उपयोगी पडतो. तुमच्या फिगरला १४ ते १५ सेंटीमीटरचे धनुष्य शोभेल. उदबत्तीची बांबूची काडी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी वाफेवर धरून हळूहळू वाकवा आणि सुकेपर्यंत दोऱ्याने बांधून ठेवा. दीड मिलिमीटर जाडीची काडी या प्रमाणात १८ मिलिमीटर भरते, त्यामुळे ती खऱ्या धनुष्यासारखीच दिसते. प्लॅस्टिकच्या तयार धनुष्याला ती सर येत नाही.

राहिला चेहरा, आणि इथे नाशिकची माती जे देते ते फार विलक्षण आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक असलेली ती नाणी शिलालेखातल्या त्याच क्षहरात वंशाच्या नहपान या क्षत्रपाची, म्हणजे शक सत्ताधीशाची, होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उठवलेला होता. एका बाजूला तीन कमानींची टेकडी आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना चार वर्तुळे असलेली फुली, असा तो ठसा आहे. टेकडीच्या रेषांखाली नहपानाचे नाक, हनुवटी किंवा कानामागचे केस अजून डोकावताना दिसतात. हरलेल्याचा चेहरा असा हजारो नाण्यांवर आपल्यापर्यंत आला आणि जिंकणाऱ्याची खूण त्या चेहऱ्यावर उमटून आली. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. वेळ विचारून तिथे एकदा जाऊन या. जुनी नाणी छायाचित्रात पाहणे आणि त्यांची झीज व ठशाची खोली डोळ्यांनी पाहणे यांत मोठा फरक आहे.

गौतमीपुत्राच्या चेहऱ्यासाठी आधार घ्यायचा तर त्याच घराण्यातल्या पुढच्या राजांच्या, विशेषतः यज्ञ सातकर्णीच्या, चांदीच्या नाण्यांवरील मुखाचा घ्यावा आणि बाकीचा भाग शिलालेखातल्या शांत, प्रसन्न मुद्रेवर सोपवावा. दात खाणारा, भुवया चढवलेला तयार चेहरा वापरू नका.

आणखी एक सूचना करतो, पटली तर स्वीकारावी. फिगर ज्यावर उभी राहील ती चकतीच नाण्यासारखी करा. खऱ्या नाण्याचा व्यास साधारण दीड सेंटीमीटर असतो, तुमची चकती आठ सेंटीमीटरची होऊ द्या. पुठ्ठ्याच्या चकतीवर एम-सीलचा तीन मिलिमीटरचा थर पसरून त्यावर नहपानाचे उजवीकडे पाहणारे मुख उठवा. हा थर पूर्ण कडक झाला की त्याच्यावर अगदी पातळ दुसरा थर द्या, चेहऱ्याच्या रेषा पुसल्या जाणार नाहीत इतकाच, आणि तो ओला असताना खोडरबरातून कोरलेला टेकडीचा ठसा किंचित तिरपा दाबा. तिरपा अशासाठी की पुन्हा उठवलेले ठसे सहसा सरळ बसत नाहीत. ठसा एकदाच दाबावा, कारण दुसऱ्यांदा दाबला तर खालचा चेहरा जातो. चकतीला आधी काळा हात द्या आणि सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग वरच्या उंचवट्यांवरून फिरवा, म्हणजे खोलगट भागात काळेपणा राहून जुन्या चांदीचा भास होईल.

पुढे कधी नहपानाचीही फिगर जोडीला करावीशी वाटली, तर मथुरेजवळ माट येथे सापडलेले कुषाण राजा कनिष्काचे आणि क्षत्रप चष्टनाचे पुतळे पाहा. लांब कोट आणि जाड बूट हा मध्य आशियातून आलेल्या सत्ताधीशांचा वेश तिथे उत्तम दिसतो. धोतर-पागोट्याशेजारी तो कोट उभा राहिला की संघर्ष कोणाकोणाचा होता हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मी टूलरूममध्ये काम करतो. तैमूरचे डोके थ्रीडी प्रिंट करून घेण्याचा विचार आहे. माप काय ठेवावे आणि चेहरा कोणता धरावा?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : चेहऱ्याच्या बाबतीत तैमूर हा सर्व जेत्यांमध्ये वेगळा आहे. जून १९४१ मध्ये समरकंदच्या गुर-ए-अमीर या त्याच्या कबरीचे उत्खनन झाले आणि मिखाईल गेरासिमोव्ह या रशियन मानववंशशास्त्रज्ञाने त्याच्या कवटीवरून चेहरा पुन्हा घडवला. तोच चेहरा धरावा. सांगाड्यावरून त्याचा उजवा पाय आणि उजवा हात जखमांनी अधू झाल्याचेही सिद्ध झाले. तेव्हा फिगरचा सगळा भार डाव्या पायावर येऊ द्या आणि उजव्या गुडघ्यात व उजव्या कोपरात आतून एपॉक्सीचा लहानसा ठिपका देऊन त्यांची हालचाल मर्यादित करा. सर्व सांधे सैल हलणारा तैमूर हा तैमूर नव्हे. माणसाचे डोके सुमारे २३ सेंटीमीटर उंच धरले तर १:१२ मध्ये ते १९ मिलिमीटर येते. इतक्या लहान चेहऱ्यासाठी प्लॅस्टिकची तार वितळवणाऱ्या प्रिंटरपेक्षा रेझिनचा प्रिंटर घ्यावा, नाहीतर गालांवर थरांच्या रेषा उमटतात. मानेच्या गोळीचे माप व्हर्नियरने घेऊन खाच त्याहून किंचित मोठी ठेवायची, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : फिगरवर गाडीचा स्प्रे पेंट मारला, तो काही भागांवर आठवडाभर चिकटच राहिला. जिथे सुकला तिथे कोपर आणि गुडघे हलवताच सोलून निघाला. एम-सीलचे तुकडेही निखळतात. काय चुकते आहे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : या तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. फिगरचे मऊ भाग पीव्हीसीचे असतात. त्यात लवचीकपणासाठी मिसळलेला तेलकट घटक काही स्प्रे पेंटना पूर्ण सुकू देत नाही, म्हणून चिकटपणा राहतो. मऊ भागांवर पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच वापरावेत आणि तेही पातळ करून तीन-चार हातांत द्यावेत. आधी फिगर भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन पूर्ण सुकवावी, कारण साच्यातून निघताना तिच्यावर तेलाचा थर राहिलेला असतो. चुकलेला रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर हाती घेऊ नका. त्यात अ‍ॅसिटोन असले तर ते फिगरचे एबीएस प्लॅस्टिकचे कडक भाग विरघळवते.

सांध्यांवरचा रंग निघतो तो घर्षणाने. दोन भाग एकमेकांना घासतात तिथे जागा इतकी कमी असते की रंगाचा थरही मावत नाही. डोके, हात, पाय गरम पाण्यात धरून मऊ करा आणि सुटे करा. पाणी उकळते नसावे आणि मोठ्या माणसाने जवळ असावे. घासणाऱ्या कडा आतून हलक्याशा तासा, मग रंगवा. ज्या सांध्यात तासणे शक्य नाही तिथे मूळ प्लॅस्टिकच्या रंगाशी जुळणारीच छटा निवडा, म्हणजे रंग निघाला तरी डोळ्यांत भरत नाही.

एम-सील गुळगुळीत प्लॅस्टिकला धरत नाही. ते लावण्याआधी तो भाग खरखरीत कागदाने ओरखडून घ्या, एम-सीलचे दोन्ही घटक सारख्या प्रमाणात घ्या आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळा. हातमोजे घाला आणि सुकलेले एम-सील घासताना तोंडाला मास्क लावा. सांध्यावरून जाणारा तुकडा कधीही सलग करू नका. खांद्याचे चिलखत असेल तर ते दोन मिलिमीटरच्या फोम शीटचे करावे. फोम हलका असतो, हात उचलला की वाकतो, आणि त्यावर पातळ फेव्हिकॉलचे दोन हात देऊन रंगवले तर कातड्यासारखा दिसतो.

प्रश्न : आजीच्या जुन्या येवल्याच्या पैठणीचे तुकडे आहेत. राजाच्या अंतरीयाला वापरू का?
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर : काठ वापरू नका. अर्धा मिलिमीटर जाडीचे कापड १:१२ प्रमाणात सहा मिलिमीटरचे, म्हणजे घोंगडीएवढे जाड होते आणि त्याला चुण्या पडत नाहीत. अंतरीयासाठी अनेकदा धुतलेले मलमल घ्या, पातळ फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून फिगरवर ओलेच नेसवा आणि टाचणीच्या टोकाने चुण्या बसवा. पैठणीच्या पदरातली जर मात्र उपयोगाची आहे. तिचा एकेक धागा सोडवून घ्या, तो दंडाभोवती गुंडाळला की बाजूबंद तयार होतो.

प्रश्न : फिगर पूर्ण झाली. वरून मॅट वार्निश फवारले तर सगळीकडे पांढरट धूसर पापुद्रा आला. आता काय?
– एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : हवेतल्या दमटपणाने असे होते, आणि पावसाळ्यात त्र्यंबकला ते होणारच. सध्या फिगर कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ऊन पडेल त्या दिवशी दुपारी त्याच वार्निशचा एक पातळ हात पुन्हा फवारून पाहा, बऱ्याचदा खालचा पांढरेपणा त्याने विरतो. तो विरला नाही तर त्या भागांवर ब्रशने लावायचे पाण्यातले चकचकीत वार्निश द्या, ते सुकल्यावर त्यावर ब्रशनेच मॅट वार्निश लावा, आणि दसऱ्यापर्यंत स्प्रेचा डबा कपाटातच राहू द्या.